नेलपेंटचे तीन ठिपके

वरची वस्ती, राहू
२ सप्टेंबर

ति. दादा,

फोनवर तुला आता कानातल्या मशीनच्या शिट्टीशिवाय काही ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहिलं की तू एक अंगठा पाठवून मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला. तू आयटीआयला होतास तेव्हा लिहायचे तसा.

दोन गोष्टी आहेत.

जीप बंद पडते. सकाळी सुरू होते, दोन-तीन किलोमीटर गेलं की दम लागल्यासारखी गचके देते आणि थांबते. मग तुझे मल्हारदाजी बॉनेट उघडून पंपाची बारकी लिव्हर हातानं मारत बसतात. पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. पंपाखाली डिझेलचा ओघळ दिसतो.

दुसरी गोष्ट, मी ग्रामपंचायतीला उभी राहते आहे. आमच्या वॉर्डाची जागा या वेळी बाईसाठी आहे. खालच्या गावातून ऊसबागायतदार मारुतरावांची सून मोनाली उभी आहे. ती बिनविरोध येणार असं सगळे धरून चाललेत. तिच्याशी माझं भांडण नाही. मला रस्ता पाहिजे. डांबरीपासून वस्तीपर्यंत चार किलोमीटर काळी माती आहे. पाऊस झाला की मोटारसायकलच्या चाकात माती भरून चाक फिरत नाही. तुझी भाची ऋतिका चपला हातात घेऊन शाळेला जाते. फोर-व्हील टाकून आपली जीप तेवढी निघते. आपल्या अण्णांनी लिलावात घेऊन उभी केलेली जीप त्यांच्यामागे तू मला दिलीस ती याचसाठी.

अर्ज दौंडला भरायचा. शेवटची तारीख तेवीस, दुपारी तीनपर्यंत. एक दाखला अजून हातात नाही आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत मिळणार नाही असं दिसतं. त्या दिवशी पाऊस असला तर जीपशिवाय मी वस्तीच्या बाहेर पडू शकत नाही.

आबांना सांगितलं. सासरे म्हणून ते नाही म्हणतील याची मी तयारी ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "कागुद-बिगुद तुमी शिकल्याली मानसं जाना." मल्हार हसले. म्हणाले, निवडून आलीस तर मी मेंबरचा ड्रायव्हर.

तेवीसला जीप चालली पाहिजे. बाकी काही मागत नाही.

तुझी
हर्षा


शिरूर
५ सप्टेंबर

हर्षा,

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. तिथून डिझेल येतंय म्हणजे आतलं रबर गेलं. डायफ्रॅम म्हणतात त्याला. तळहाताएवढं गोल असतं. इंजिन फिरतं तसं ते खालीवर होतं, टाकीतलं डिझेल ओढतं आणि पुढं ढकलतं. म्हातारं झालं की तडकतं, टाचेसारखं, कडेकडून. तडकलं की डिझेलऐवजी हवा ओढतं. हवेवर गाडी चालत नाही.

तू स्वतः उघड. दाजींना देऊ नको, ते बोल्ट मोडेपर्यंत आवळतात.

आधी बॅटरीची वायर काढ. पंपाला दोन पाइप आहेत ते सोड, तोंडाला चिंध्या बांध. माती गेली तर सगळं गेलं. मग इंजिनला धरलेले दोन बोल्ट. पंप हातात आला की वरच्या आणि खालच्या झाकणावरून खिळ्यानं एक उभी रेघ मार. उघडल्यावर कुठं जुळवायचं ते रेघेवरून कळतं. मग सहा स्क्रू. रबर बघ. चीर जिथं थांबलीय तिथं खूण कर. परत बसवून दोन दिवस चालव, मग परत उघड. खुणेच्या पुढं गेली असेल तर पंप माझ्याकडं पाठव, मी नवा देतो.

निवडणुकीतलं मला कळत नाही. गाडीचं माझ्याकडं.

गोकुळ


वरची वस्ती
११ सप्टेंबर

ति. दादा,

तू सांगितलंस तसं केलं. रेघ मारली, सहा स्क्रू काढले. कडेला तीन चिरा होत्या. खूण कशानं करायची कळेना, खडू डिझेलनं पुसला जातो. ऋतिकानं तिची लाल नेलपेंट आणून दिली. तीन चिरा, तीन ठिपके. दोन दिवसांनी उघडलं तर दोन चिरा ठिपक्यांशी थांबलेल्या, तिसरी गव्हाच्या दाण्याएवढी पुढे गेलेली.

शेजारच्या सरूबाई बघायला आल्या होत्या. त्या माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करणार आहेत. म्हणाल्या, "इंजनाला नेलपेंट लावती, आन् सोताची नखं बघ कशी झालीत."

परवा शनिवारी आबा शिरूरच्या बाजाराला येत आहेत, मल्हारही सोबत आहेत. मी पंप यष्टीनं पाठवणार होते. आबा म्हणाले, "मी नेतो की. गोकुळला भेटनं बी हुईल." दादा, मला फार बरं वाटलं. इतके दिवस ते या विषयावर गप्प होते. मला वाटलं होतं मनातून त्यांना पटत नाही. तोंडानं काही म्हणाले नाहीत, पण पंप स्वतःच्या पिशवीत घातला. त्यांचं असंच आहे.

तुझी
हर्षा


शिरूर
१७ सप्टेंबर

हर्षा,

पंप पाठवतोय. चौफुल्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं खोकं दिलंय, पारगावला उतरवून घे.

मी यायला पाहिजे होतं. पण मारुतरावांचे चार ट्रॅक्टर गॅरेजवर एकदम आलेत आणि कारखाना सुरू व्हायच्या आत पाहिजेत. म्हणून लिहितो. तुला जमेल.

बसवताना पंपाची लांब दांडी इंजिनच्या आत नीट टेकली पाहिजे. टेकली की हाताला कळतं, स्प्रिंगसारखं उलटं ढकलतं. दोन्ही बोल्ट थोडे थोडे आवळ, आधी एक मग एक नाही. जाड कागदाचं गास्केट मी कापून दिलंय, ते पंप आणि इंजिनच्या मध्ये घाल. मग हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल कर आणि पंपाची बारकी लिव्हर हातानं मार. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की स्क्रू बंद कर.

पंप उघडू नको. नवा आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. आणि विनाकारण चिखलात फिरवू नको. तेवीसलाच बाहेर काढ.

आबा तासभर बसले होते. चहा घेतला.

गोकुळ


वरची वस्ती
१९ सप्टेंबर

ति. दादा,

चालू झाली. दांडी टेकली तेव्हा तू म्हणालास तसंच हाताला कळलं. फेस आला, बुडबुडे आले, मग सलग डिझेल. मी स्क्रू बंद केला आणि मल्हारना चावी फिरवायला सांगितली. पहिल्या चावीत. सरूबाईंनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं.

अंगणात दोन चकरा मारल्या आणि तुझ्या सांगण्याप्रमाणे झाकून ठेवली.

एक राहिलं. जुना पंप तू पाठवला नाहीस. गॅरेजमध्ये अण्णा कधी विसरायचे नाहीत. काही बदललं की काढलेला पार्ट वर्तमानपत्रात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. लोक म्हणायचे, हे भंगार घेऊन काय करू? अण्णा म्हणायचे, काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी काय बदललं ते तुम्हाला दिसायला पाहिजे. मला तो पंप ठेवायचा आहे. मी उघडलेली पहिली वस्तू आहे.

तुझी
हर्षा


वरची वस्ती
२५ सप्टेंबर

ति. दादा,

माझा अर्ज भरला गेला नाही.

बावीसला संध्याकाळी दाखला मिळाला. रात्रभर पाऊस झाला. तेवीसला सकाळी थांबला होता. मी साडेनऊला तयार होते. आबांनी मल्हारना म्हशींचं काहीतरी काम सांगितलं, निघायला अकरा वाजले. मी, मल्हार, आणि मागे सरूबाई नवं लुगडं नेसून.

ओढ्यापर्यंत गाडी चांगली गेली. ओढ्यात फोर-व्हील टाकून इंजिनवर जोर आला आणि तोच आवाज. दम लागल्याचा. मधोमध थांबली.

मल्हारनी लिव्हर मारली. सुरू झाली, हातभर सरकली, थांबली. मी म्हणाले, आपण चालत निघू. ते म्हणाले, पाच मिनिटं. पुन्हा लिव्हर मारली. पुन्हा पाच मिनिटं. घामानं त्यांचा सदरा भिजला होता, मला त्यांची दया आली. अशी दर पाच मिनिटांनी पाच मिनिटं करत सव्वा वाजला. शेवटी सरूबाई लुगडं खोचून पाण्यात उतरल्या. म्हणाल्या, "चला मेंबरीनबाई. गाडीला काय पंचायतीत बसायचं न्हाई."

डांबरीपर्यंत दोन किलोमीटर. चिखल असा की एक पाय काढला की दुसरा रुततो. सरूबाईंची एक चप्पल राहिली ती राहिलीच. डांबरीवर भाजीचा एक टेम्पो मिळाला. दौंडला पोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दारातल्या माणसानं आमच्या पायांकडे पाहिलं आणि घड्याळ दाखवलं. त्याचं चुकलं नाही.

मोनाली बिनविरोध आली. काल खाली फटाके वाजले.

घरी आल्यावर आबांनी मला पाणी आणून दिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्यांदा.

दादा, माझं कुठे चुकलं ते सांग. गास्केट सरळ बसवलं होतं. बोल्ट थोडे थोडे आवळले होते. हवा काढताना मी घाई केली का? एखादा बुडबुडा राहिला आणि मी स्क्रू बंद केला असेल का? रात्री झोपले की तो स्क्रू डोळ्यांपुढे येतो. सगळ्या वस्तीचं काम होतं आणि ते माझ्या हातून गेलं.

हर्षा


शिरूर
१ ऑक्टोबर

हर्षा,

वाईट वाटलं. होतं असं. गास्केट सरकलं असेल किंवा हवा राहिली असेल. नवीन माणसाच्या हातून होतं. मनाला लावून घेऊ नको.

पंप काढून पाठवून दे. उघडू नको. उघडला तर दुकानदार बदलून देणार नाही.

ट्रॅक्टरचं काम चालू आहे.

गोकुळ


वरची वस्ती
७ ऑक्टोबर

दादा,

पंप काढला. पाठवायला खोक्यात घातला होता. मग वाटलं, माझी चूक काय झाली ते बघितल्याशिवाय कसा पाठवू? पुढच्या वेळी तीच करेन. दुकानदारानं बदलून नाही दिला तरी चालेल, मी विकत घेईन.

उघडण्याआधी रेघ मारायची म्हणून खिळा टेकवला. तिथं एक रेघ होती. चंदेरी रंगाखाली. बोटाला लागत होती.

सहा स्क्रू काढले. आत तीन लाल ठिपके होते. दोन चिरा ठिपक्यांच्या पुढे जाऊन एकमेकींना मिळालेल्या. तिसरी आरपार.

मी तो घेऊन पायरीवर बसले. ऋतिका शाळेतून आली. म्हणाली, आई, ही माझी नेलपेंट आहे ना?

पहिल्यांदा वाटलं दुकानदारानं फसवलं तुला. पण दुकानात नेलपेंट नव्हती. मग वाटलं गडबडीत जुना-नवा बदलला असेल. पण जुन्याला रंग कोण गडबडीत देतं? मग तुझी पत्रं काढून वाचली. उघडू नको, असं दोनदा लिहिलंस. तेवीसलाच बाहेर काढ, असं एकदा. आणि "नवीन माणसाच्या हातून होतं."

दादा, मी दोन आठवडे त्या स्क्रूचा विचार करत होते. तुला माझी पत्रं मिळत होती.

मला एकच विचारायचं आहे. तुला हे कोणी सांगितलं?

हर्षदा


शिरूर
२९ ऑक्टोबर

हर्षा,

भाऊबीजेला तू आली नाहीस. दुपारपर्यंत पाट मांडलेला होता. मग तुझ्या वहिनीनं उचलला. तिला काही सांगितलेलं नाही. बायकोला सांगण्यासारखं नाही.

तू विचारलंस त्याला तीन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसलो.

त्या शनिवारी आबा आले. पंप टेबलावर ठेवला. बराच वेळ ट्रॅक्टरांकडं बघत बसले. मग म्हणाले, "गोकुळ, गाडी दौंडला पोचाया नगं." मी म्हणालो, आबा, तुम्ही तिला घरात सांगा. ते म्हणाले, "मी सांगून ती आइकायची न्हाई. आन् आइकलंच तर जनमभर तोंडावर मारंल. मी न्हाई म्हनायचं न्हाई, तुमी म्हनायचं न्हाई. गाडी न्हाई म्हनंल."

मारुतरावांनी त्यांना शब्द दिला होता. जागा बिनविरोध झाली तर दिवाळीनंतर रस्त्यावर मुरूम टाकून देतो. मी म्हणालो, हर्षा रस्त्यासाठीच उभी आहे की. आबा म्हणाले, "तिला रस्ता भांडून पायजे. आमी उभा जलम मेंढरं घिऊन फिरलो. दुसऱ्याच्या रानातनं जायाचं तर बांधावर थांबून इचारायचं, मालक, जाऊ का? जा म्हनला तर जायाचं. भांडून गेल्याला मानूस पुढच्या साली त्या वाटंनं जात न्हाई." आणि म्हणाले, "तुमी शिरूरला ऱ्हाता. त्यांच्या बांधाला आमी ऱ्हातो. बहिनीचं बरं बघायचं तर बघा."

मला ते पटलं. त्या वेळी पटलं. तुला त्रास होऊ नये असं वाटलं.

ट्रॅक्टर आधीच आले होते. ते यासाठी आले नव्हते. पण ते समोर उभे होते हे खरं आहे.

दाजी आत आले नाहीत. बाहेर टपरीपाशी उभे होते. निघताना माझ्याकडं बघितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

मी पंप उघडला नाही. धुतला, रंग दिला, खोक्यात घातला. ओढ्यापर्यंत जाईल, पुढं जाणार नाही, हे मला माहीत होतं. पण हर्षा, मी काही बिघडवलं नाही. फक्त बदललं नाही.

तुझी चूक झाली असं लिहिलं ते लिहायला नको होतं. बाकीचं आबांचं होतं, ते माझं होतं.

नवीन पंप आणून ठेवलाय. खरा. म्हणशील तेव्हा येऊन बसवतो.

गोकुळ


वरची वस्ती, राहू
६ नोव्हेंबर

श्री. गोकुळ कोळपे यांस,

तुमचं पत्र मिळालं. पंप पाठवू नका, येऊ नका. केडगावला रबर मिळालं. जुनं दुकानदाराला दाखवलं, त्यानं तसंच काढून दिलं. पंप मी घरी भरला. रेघेला रेघ जुळवली, सहा स्क्रू, दोन बोल्ट. हवा काढायला जितका वेळ लागतो तितकाच लागला. मी सप्टेंबरातही घाई केली नव्हती.

तुम्ही काही बिघडवलं नाही असं लिहिलं आहे. ते बरोबर आहे. रबर ओढ्यापर्यंत गेलं, तुम्ही सांगितलं तेवढं.

मुरूम आला. मोजून वीस ट्रॉल्या. डांबरीपासून मारुतरावांच्या विहिरीपर्यंत पसरला, तिथं त्यांच्या उसाची गाडी वळते. तेवढा अर्धा किलोमीटर रस्ता झाला. विहिरीपासून वस्तीपर्यंत साडेतीन किलोमीटर राहिले. आबा रोज सकाळी तिथपर्यंत जातात, मुरूम जिथं संपतो तिथं थोडं थांबतात आणि परत येतात. मी त्यांना काही विचारलेलं नाही. जेवायला वाढलं की माझ्याकडे न बघता जेवतात.

परवा पुन्हा पाऊस झाला. काल अकराच्या सुमारास मी जीप काढली. मल्हार नेहमीसारखे ड्रायव्हरच्या बाजूला आले, मी आधीच तिथं बसले होते. ते शेजारी बसले. ओढ्यात पाणी होतं. फोर-व्हील टाकली. इंजिननं एकदाही दम घेतला नाही. ते म्हणाले, "पंप चांगला बसलाय."

मधोमध मी गाडी बंद केली आणि चावी काढून घेतली.

म्हणाले, काय झालं?

मी म्हणाले, पाच मिनिटं.

ते हसायला लागले आणि थांबले. दोन्ही बाजूंनी पाणी जात होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "हर्षदा." मी म्हणाले, पाच मिनिटं. सव्वा वाजेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मग मी चावी लावली. पहिल्या चावीत सुरू झाली. त्यांना डांबरीवर उतरवलं आणि मी राहूला बाजाराला गेले. ते चालत परत आले.

चावी आता माझ्याकडे असते. ऋतिकाला शाळेत मी सोडते. सरूबाई आणि वस्तीतल्या आणखी तिघीजणी आपापल्या मुली माझ्याबरोबर पाठवतात. सरूबाईंना अजून जोडीची चप्पल मिळालेली नाही, त्या राहिलेली एक घेऊन ओढ्यात दुसरी शोधत असतात. म्हणतात, पुढच्या वेळी चालतच जाऊ, आदल्या दिवशी निघू.

पत्रासोबतच्या खोक्यात वर्तमानपत्राची पुडी आहे. त्यात काढलेलं रबर आहे, ठिपक्यांसकट. अण्णांनी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं असतं. गिऱ्हाइकानं ते बघितलं आहे. आता ज्यानं बसवायला दिलं त्याच्या हातात देते.

हर्षदा मल्हार टुले